वाणीचा तुटलेला धागा

मनुष्याला इतर प्राण्यांपासून वेगळे करणारी जी थोडी लक्षणे आहेत, त्यांत वाणीचे स्थान पहिले होय. आपण बोलतो तेव्हा केवळ शब्द उच्चारीत नाही. एका विचाराला दुसरा विचार जोडीत, ऐकणाऱ्याला सोबत घेऊन पुढे जात असतो. हा धागा इतका सहज विणला जातो की तो आहे याची जाणीवही आपणांस नसते. तो तुटला म्हणजेच त्याचे मोल कळते. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका तुटलेल्या धाग्याविषयी लिहिणार आहोत. विषय थोडा अवघड आहे व काहींना अप्रियही वाटेल. परंतु अज्ञानामुळे आमच्या हातून एकदा जी चूक घडली, ती आमच्या विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या हातून घडू नये, एवढाच आमचा हेतू आहे.

काही वर्षांपूर्वी, मुडबीस येण्याच्या आधी, आम्ही दुसऱ्या एका गावी नववीच्या वर्गाला मराठी शिकवीत होतो. त्या वर्गात वळणदार अक्षराचा, अबोल असा एक मुलगा होता. सहामाही परीक्षेपर्यंत त्याचे निबंध वर्गात वाचून दाखवावेत असे असत. दिवाळीच्या सुटीनंतर 'आमच्या गावचा बाजार' हा विषय आम्ही दिला. त्याने काय लिहिले होते ते शब्दशः आज आठवत नाही. परंतु त्याचा घाट असा होता : 'बाजारात भाजी येते. भाजी हिरवी असते आणि हिरवा दिवा लागला की गाडी सुटते. ते सुटले म्हणून मला कळले. त्यांनी वजन केले तेव्हा माझे नाव कमी भरले.'

आम्ही तांबड्या शाईने शेरा मारला, 'विषयांतर. लक्ष कोठे आहे?' इतक्यावर न थांबता त्याला उभे करून तो निबंध मोठ्याने वाचावयास लावला. वर्ग हसला. खरे सांगावयाचे तर आम्हीही हसलो. तो वाचता वाचता वाक्याच्या मध्येच थांबला व बराच वेळ खिडकीकडे पाहत उभा राहिला. त्या मौनालाही आम्ही उद्धटपणा समजलो.

पुढे तो शाळेत येईनासा झाला. रात्र रात्र जागतो, एकटाच कोणाशी तरी बोलतो, जेवणात काही घातले आहे असे म्हणतो, असे त्याच्या वडिलांकडून कळले. कोणी म्हणाले अभ्यासाचा ताण, कोणी म्हणाले भानामती. उतारे झाले, ताईत झाले, नवस झाले. एक वर्ष उलटून गेल्यावर तो वैद्यकीय उपचारांपर्यंत पोहोचला. उपचारांनी त्याला उतार पडला, तो पुन्हा शाळेत आला आणि यथावकाश दहावी उत्तीर्ण झाला. तेव्हा आम्ही त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "सर, मला वाटायचं मी नीटच लिहितोय. सगळे हसले तेव्हा वाटलं, माझ्याविरुद्ध जे चाललंय ते सगळ्यांना ठाऊक आहे."

त्या एका वाक्याने आम्हांला या विषयाचा अभ्यास करावयास लावले.

या आजाराला मराठीत 'छिन्नमनस्कता' म्हणतात. स्किझोफ्रेनिया हे त्याचे सर्वत्र रूढ झालेले नाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एमिल क्रेपेलिन या जर्मन वैद्याने त्याचे वर्णन करताना जे लॅटिन नाव वापरले त्याचा अर्थ 'अकाली बुद्धिऱ्हास' असा होतो. रोगी तरुण असतो व त्याची बुद्धी उतरतच जाते, अशी त्यांची समजूत होती. स्वित्झर्लंडमधील ऑयगेन ब्लॉयलर यांना हे नाव पटले नाही. १९०८ साली बर्लिन येथील व्याख्यानात त्यांनी 'दुभंगणे' व 'मन' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून नवे नाव सुचविले आणि १९११ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. एका देहात दोन माणसे राहतात असा या नावाचा अर्थ पुष्कळ लोक करतात, तो चुकीचा आहे. एका विचाराला दुसऱ्याशी बांधणाऱ्या गाठी सैल होतात, हे ब्लॉयलर यांना त्यात मुख्यतः दिसले होते.

ब्लॉयलर यांच्या चरित्रातील एक गोष्ट आमच्यासारख्या भाषाशिक्षकाला विशेष मोलाची वाटते. ते झुरिचजवळच्या झोलिकॉन गावच्या शेतकरी कुटुंबातले. त्या काळी झुरिचच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख पुष्कळदा बाहेरून आलेले असत, आणि त्यांना आपल्या माणसांची बोली कळत नाही अशी तेथील लोकांची तक्रार होती. ब्लॉयलर यांची तीच मायबोली होती. १८८६ ते १८९८ अशी बारा वर्षे ते राइनाउ येथील मनोरुग्णालयात रुग्णांच्या सहवासात राहिले, त्यांच्याच बोलीत त्यांच्याशी बोलले, आणि ज्या बोलण्याला इतर लोक निव्वळ बरळणे म्हणत, त्यातही अर्थ शोधीत राहिले. ज्याने या रोगाला आजचे नाव दिले, तो आधी असा ऐकणारा होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या हिशेबाप्रमाणे जगात सुमारे दोन कोटी चाळीस लक्ष लोकांना, म्हणजे तीनशेंत एकाला, हा आजार होता. तो बहुधा किशोरावस्थेच्या अखेरीस किंवा विशीत सुरू होतो. मुलांत काहीसा आधी, मुलींत काहीसा नंतर. तेरा वर्षांच्या आत तो अत्यंत विरळ होय. म्हणजे आमच्या हायस्कुलाच्या वरच्या वर्गांचे वय व या आजाराच्या उंबरठ्याचे वय जवळजवळ एकच आहे.

आता वाणीत काय बिघडते ते क्रमाने पाहू. उदाहरणे समजण्यासाठी आम्हीच रचली आहेत.

(१) रूळ सोडणे. बोलणारा एका विषयावरून दुसऱ्यावर घसरतो व मूळ जागी परत येत नाही. 'बैलाला पेंड घातली. पेंड बिदरहून येते. बिदरला किल्ला आहे. किल्ल्याची किल्ली मामाकडे आहे.' दोन शेजारची वाक्ये कशीबशी जुळतात. पहिले आणि शेवटचे जुळत नाही.

(२) प्रश्नाला बगल देणारे उत्तर. 'जेवलास का?' असे विचारले तर 'ताटाला कडा असतात, कडेने चालावे' असे उत्तर येते. येथे खोडी नसते. प्रश्नातील एखाद्या शब्दाने मनाला भलतीकडे ओढून नेलेले असते.

(३) अर्थाऐवजी नादामागे जाणे. 'तूर आली, पूर आला, सूर लागला, दूर गेला.' कवीही नादाचा आधार घेतो. पण नाद त्याच्या ताब्यात असतो. येथे बोलणारा नादाच्या ताब्यात गेलेला असतो.

(४) स्वतःचे शब्द घडविणे. 'आज डोक्यात घणसूर झाला आहे' असे तो म्हणतो, आणि 'घणसूर' म्हणजे काय असे विचारल्यास त्यालाच नवल वाटते. तो शब्द सर्वांस ठाऊक आहे अशी त्याची खात्री असते.

(५) सर्वनामांचा आधार सुटणे. वर दिलेल्या निबंधात 'ते सुटले', 'त्यांनी वजन केले' असे आहे. पण ते कोण, हे कोठेच सांगितलेले नाही. लिहिणाऱ्याच्या मनात ते असतात. वाचणाऱ्याच्या मनात नाहीत, याचे भान राहत नाही.

(६) वाणी आटणे. हा प्रकार सर्वांत कमी लक्षात येतो. प्रश्नांना एका शब्दात उत्तरे, दीर्घ मौन, किंवा वाक्य अर्ध्यावर येऊन अचानक थांबणे. काही रुग्ण नंतर सांगतात की त्या क्षणी विचार कोणीतरी काढून नेल्यासारखा झाला. काही मुलांची वाक्ये आखूड व साधी होत जातात, आणि दुसऱ्याचे लांब मिश्र वाक्य समजणेही त्यांना जड जाते.

आजार फार बळावला तर शब्दाशब्दांतील संबंधही सुटतो, व वैद्य त्यास 'शब्दांची कोशिंबीर' म्हणतात. पण ती अवस्था विरळ. बहुतेक वेळा व्याकरण पुष्कळसे शाबूत असते. कर्ता व क्रियापद जुळतात, विभक्ती बरोबर असते. 'माझे नाव कमी भरले' या वाक्यात व्याकरणाची एकही चूक काढता येणार नाही. म्हणूनच शिक्षक फसतो. वाक्य सुटे तपासले तर ते निर्दोष दिसते. दोष वाक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत असतो.

अमेरिकेतील नॅन्सी अँड्रियासन या मानसरोगतज्ज्ञ विदुषीने १९७९ साली अशा प्रकारांच्या नेमक्या व्याख्या करून ते मोजण्याची रीत घालून दिली. अलीकडे संगणकाचाही उपयोग होऊ लागला आहे. २०१५ साली न्यूयॉर्क येथील संशोधकांनी, आजाराचा धोका असलेल्या ३४ तरुणांचे बोलणे नोंदवून, एका वाक्यापासून पुढच्या वाक्यापर्यंत अर्थ किती दूर उडी घेतो हे संगणकाने मोजले. पुढे त्यांपैकी ५ जण आजारी पडले, आणि त्यांचे जुने बोलणे इतरांहून वेगळे ओळखता आले. संख्या लहान आहे, म्हणून त्यावर मोठी इमारत उभारू नये. तथापि आजार उघड होण्याच्या आधीच धागा विरू लागतो, एवढे त्यावरून सूचित होते.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. वरील प्रकार वाचून कोणी शेजाऱ्याच्या बोलण्यावर शिक्के मारू लागेल, तर या लेखाने हितापेक्षा अहितच होईल. विषयांतर आपण सर्वच करतो. थकलेला, घाबरलेला, प्रेमळ आजीसारखा गोष्टीवेल्हाळ, कोणाचेही बोलणे भरकटते. तोतरेपणा, कमी ऐकू येणे ही या आजाराची लक्षणे नव्हेत. तीव्र ताप, डोक्याला मार, फेफरे किंवा नशा यांमुळे मनुष्य एकाएकी असंबद्ध बोलू लागला तर ती निराळी व तातडीची बाब असते. त्यास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. छिन्नमनस्कतेचे निदान केवळ बोलण्यावरून होत नाही. कोणी नसता आवाज ऐकू येणे, कोणी आपल्यावर पाळत ठेवून आहे असा न हलणारा ग्रह, झोप व स्वच्छता यांचा विस्कोट, मित्रांपासून तुटत जाणे, ही लक्षणे महिनाभर वा अधिक टिकली आहेत काय, हे तज्ज्ञच पाहतो.

आणि आमच्या या सीमाभागात दुसराही इशारा हवा. मुडबी हे बिदर व कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या शिवेवरचे गाव. येथील मूल घरी मराठी किंवा लमाणी बोलते, बाजारात कन्नड, मित्रांत दख्खनी, आणि पुस्तकात इंग्रजी वाचते. 'सर, निन्ने मी आलो नाही, घरी कामां थे' असे वाक्य आम्ही येथे ऐकतो. परगावच्या माणसाला ही खिचडी वाटेल. परंतु या वाक्यातील प्रत्येक शब्द आपल्या अर्थाशी इमान राखून आहे, आणि ऐकणाऱ्यास काल तो का आला नाही हे नीट कळते. भाषा तीन आहेत, धागा एकच आहे. हा आजार नव्हे. ही या मातीची श्रीमंती आहे.

आमची मायबोली कोकणी. येथे आलो तेव्हा वर्गात एका मुलाला आम्ही अनवधानाने 'उलय रे' म्हणालो. कोकणीत त्याचा अर्थ 'बोल रे' असा होतो. मराठीत 'उलणे' म्हणजे तडकणे. मुलगा गोंधळून पाहतच राहिला. त्या क्षणी वर्गाच्या दृष्टीने असंबद्ध आम्हीच होतो! त्यावरून एक नियम आम्ही मनाशी बांधला. एखाद्याचे बोलणे तुटक आहे असे म्हणण्यापूर्वी ते त्याच्या घरच्या भाषेत ऐकावे. मनोविकारांच्या तपासणीत म्हणींचा अर्थ विचारण्याची जुनी रीत आहे. पण 'नाचता येईना अंगण वाकडे' या म्हणीचा अर्थ घरी कन्नड बोलणाऱ्या मुलाने शब्दशः सांगितला, तर त्यावरून त्याच्या मनाविषयी काय सिद्ध होणार? म्हणून वैद्याकडे जाताना मुलाची घरची भाषा जाणणारे माणूस बरोबर असावे, आणि 'हा पूर्वी असा बोलत नव्हता' हे त्यानेच सांगावे. बदल ओळखावयाचा तो मुलाच्या स्वतःच्या कालच्या बोलण्याशी ताडून. दुसऱ्याच्या बोलण्याशी नव्हे.

हा आजार कशाने होतो? कोणाच्या करणीने नव्हे, आईबापांच्या चुकीने नव्हे, आणि पुष्कळ वाचल्यानेही नव्हे. मेंदूच्या घडणीतील व रसायनांतील फेरफार, आनुवंशिकता आणि परिस्थितीचे आघात अशी अनेक कारणे एकत्र येतात. एका पालकास आजार असेल तर मुलास तो होण्याचा संभव शंभरात सुमारे दहा धरतात. म्हणजे नव्वदांना होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. कोवळ्या वयातील गांजाचे व्यसन धोका वाढविते, हे मात्र आमच्या तरुणांनी पक्के लक्षात घ्यावे.

उपचार आहेत. १९५२ साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझीन या औषधाचा गुण दिसून आला, व तेव्हापासून भिंतींआड जन्म काढणाऱ्यांना घरी परतण्याची वाट मिळाली. आज अधिक चांगली औषधे आहेत. तीनांपैकी निदान एक रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो, व इतरांपैकी पुष्कळांना औषधांच्या आधाराने शिकता व काम करता येते. उपचार जितके लवकर, तितका गुण अधिक. वरील मुलाचे जे वर्ष उताऱ्यांत गेले, त्याची हळहळ आम्हांला याचसाठी वाटते.

मराठी माणसाने या बाबतीत केलेले एक कार्य सांगण्यासारखे आहे. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात अध्यापन करणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीस हा आजार होता. घरच्या दुःखाला त्यांनी लोकसेवेचे रूप दिले व १९९७ साली पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' ही संस्था स्थापिली. त्यांच्याच साहाय्याने सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनी २००४ साली 'देवराई' हा चित्रपट आणला. त्यात अतुल कुलकर्णी यांनी शेष नावाच्या रुग्णाची व सोनाली कुलकर्णी यांनी त्याला सांभाळणाऱ्या बहिणीची भूमिका केली आहे. घरच्यांच्या धीराचे मोल त्या चित्रपटात उत्तम दिसते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोवा, सातारा व तामिळनाडू येथील २८२ रुग्णांचा समावेश होता. रुग्णालयातील उपचारांना गावातल्याच शिकविलेल्या कार्यकर्त्यांच्या घरभेटींची जोड दिली असता रुग्णांची स्थिती थोडी अधिक सुधारते, असे त्यात आढळले. म्हणजे केवळ गोळी पुरत नाही. ऐकणारे माणूसही लागते.

आमच्या कर्नाटकाचा वाटाही लहान नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने १९८० नंतरच्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात, तालुक्याच्या व खेड्यांच्या दवाखान्यांतूनच मनोरुग्णांवर उपचार करण्याचा प्रयोग केला, आणि त्याच धर्तीवर १९९६ पासून देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. बिदर व कलबुर्गी या दोन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवाही आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून कन्नड व मराठी या दोन्ही भाषांत तेथे बोलता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये मनोरुग्णास साखळीने बांधणे निषिद्ध आहे, आणि भूत उतरविण्याच्या निमित्ताने मारहाण करण्यास आमच्या राज्याच्या २०१७ च्याच कायद्याने बंदी आहे. देवाची प्रार्थना अवश्य करावी. पण दवाखान्याची वाट अडवून नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, आता तुमच्यासाठी थोडे. तुमचा एखादा सोबती पूर्वीसारखा बोलेनासा झाला, त्याच्या बोलण्याचा मेळ लागेनासा झाला, तर हसू नका. त्याची नक्कल करू नका. 'वेडा' हा शब्द त्याच्या वाऱ्यालाही जाऊ देऊ नका. त्याच्या भलत्या समजुतीवर वाद घालू नका, आणि तिला खोटा होकारही देऊ नका. 'तुला भीती वाटते आहे, मी येथे आहे,' एवढे म्हणावे. आखूड वाक्यात एका वेळी एकच गोष्ट विचारा व उत्तराला वेळ द्या. मग ज्या मोठ्या माणसावर तुमचा विश्वास आहे, त्याच्या कानावर घाला. ही चहाडी नव्हे; हीच खरी मैत्री होय. आणि असा अनुभव स्वतःलाच येत असेल, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. ताप आला की आपण सांगतो, तसेच हेही सांगावे.

पालकांस विनंती एवढीच की, मुलगा अभ्यासात एकाएकी मागे पडला तर छडीपूर्वी कारण शोधावे, बदल तारखांसह लिहून ठेवावेत, आणि बरे वाटू लागले म्हणून वैद्यास न विचारता औषध बंद करू नये. मुलगी असेल तर लग्नाच्या चिंतेपायी आजार लपवू नये. लपविल्याने तो जात नाही, वाढतो.

आमच्या शिक्षकबंधूंस काय सांगावे? तांबडी शाई आजही आमच्या हाती असते. पण ज्या वहीत वाक्यांचा मेळ लागत नाही, तिच्यावर आता आम्ही शेरा मारीत नाही. वही मिटून त्या मुलाला जवळ बोलावतो, आणि त्याच्याच भाषेत विचारतो, "काय झालं रे बाळ? सांग, मी ऐकतोय."